चारही धुरे मोजले, कर्ण मोजला का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, आर्णी)

हातातलं काम चालू राहू द्या. फक्त दोन वस्तू जवळ घेऊन बसा. खराट्याच्या चार सारख्या लांबीच्या काड्या आणि हातभर दोरा. घरात नववी-दहावीतली पोर असेल तर तिलाही हाक मारा. आजची गोष्ट तिच्या पुस्तकातली आहे आणि तुमच्या वावरातलीही.

मागच्या महिन्यात एक काकू माझ्याकडे आल्या. मी शाळेत गणित शिकवायचे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या नावावर एक तुकडा आहे आणि शेजारी दिराचा एक तुकडा. घरात अदलाबदलीचं बोलणं चाललं होतं. दीर म्हणाले, “वहिनी, तुमच्या वावराचे चारही धुरे अडीचशे फूट, आमचेही चारही धुरे अडीचशे फूट. टेप लावून मोजलेत. वावर सारखंच झालं ना?” (आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात.) काकूंना आतून वाटत होतं की दिराचं वावर लहान आहे. त्यांच्या वावरात बियाण्याची जास्त पाकिटं लागत आणि वेचणीला दोन बाया जास्त लागत. पण चारचौघांत त्यांना ते सांगता येईना. मला म्हणाल्या, “मॅडम, धुरे तं सारखेच हायेत. मंग वावर कमी कसं काय?”

काकूंचा प्रश्न साधा नाही. तो साडेआठशे वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाने विचारला होता आणि त्याचं उत्तरही देऊन ठेवलं होतं. आज तीच हकीकत सांगायची आहे.

त्या माणसाचं नाव भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. सह्याद्रीच्या जवळ विज्जडविड नावाचं आपलं गाव असल्याचं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वडील महेश्वर, तेही ज्योतिषी आणि मुलाचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. पहिला ‘लीलावती’, त्यात अंकगणित आणि भूमिती. दुसरा ‘बीजगणित’. पुढचे दोन ग्रहताऱ्यांचे.

लीलावतीची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती. लग्नाचा मुहूर्त पाहायला पाण्यावर घटिकापात्र ठेवलेलं. ती कौतुकाने वाकून बघते, अंगावरच्या दागिन्यातला मोती पात्रात पडतो, छिद्र बुजतं आणि मुहूर्त टळतो. मग दुःखी मुलीची समजूत काढायला वडील तिच्या नावाने ग्रंथ लिहितात. गोष्ट गोड आहे. पण ती पहिल्यांदा लिहिलेली सापडते अकबराच्या दरबारातल्या फैजीच्या फारसी भाषांतरात. ते झालं १५८७ मध्ये, मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. लीलावती आपली मुलगी आहे असं भास्कराचार्यांनी ग्रंथात कुठेही म्हटलेलं नाही. कुठे ते लहान मुलीला विचारल्यासारखं विचारतात, कुठे मित्राला, कुठे व्यापाऱ्याला.

मला त्या गोष्टीतलं एक खटकतं. लग्न मोडलं म्हणून तिला गणित मिळालं, जणू गणित म्हणजे सांत्वन. ग्रंथ उघडला की चित्र वेगळं दिसतं. तिथे कुणी रडत नाही. तिथे एक हुशार मुलगी आहे आणि तिला एकापाठोपाठ एक प्रश्न घातले जात आहेत. तुला भागाकार येत असेल तर सांग, तुला क्षेत्रफळ कळत असेल तर सांग, असा सूर आहे.

आणि प्रश्न कसले? एक माझ्या शब्दांत सांगते. भुंग्यांचा एक थवा. त्यातला पाचवा हिस्सा एका झाडावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर. या दोन हिश्श्यांत जेवढा फरक, त्याच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडावर. उरला एकच, तो मधेच घिरट्या घालतोय. एकूण भुंगे किती? पंधरा धरून बघा. पाचवा हिस्सा तीन, तिसरा हिस्सा पाच. फरक दोन, त्याची तिप्पट सहा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा. उरला एक. जमलं!

दुसरा प्रश्न. बत्तीस हात उंच बांबू वाऱ्याने मधेच मोडला. शेंडा बुडापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. बांबू किती उंचीवर मोडला? दहावीतल्या पोरीला विचारा. पायथागोरसच्या प्रमेयाने ती बारा हात असं उत्तर काढून देईल.

आता बीजगणिताकडे जरा वळू, कारण आपल्याला भीती वाटते ती त्याची. “क्ष म्हणजे काय गं माय? जे माहीत नाही त्याची बेरीज कशी करायची?” असं मला कितीतरी आयांनी विचारलं आहे. भास्कराचार्य आणि त्यांच्या आधीचे पंडित न कळलेल्या संख्येला यावत्तावत् म्हणत, म्हणजे ‘जेवढं असेल तेवढं’. एकापेक्षा जास्त अज्ञात असले की त्यांना रंगांची नावं देत: कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. दुकानात आपण म्हणतो ना, “ती निळी दाखवा, ती पिवळी दाखवा”? किंमत माहीत नसते, पण बोट दाखवायला नाव लागतं. क्ष म्हणजे तसंच बोट दाखवणं.

समजा, तुम्ही बाजारातून दोन किलो तूरडाळ आणि एक किलो हरभराडाळ आणली, बिल झालं ३८० रुपये. शेजारणीने त्याच दुकानातून एक किलो तूर आणि एक किलो हरभरा आणला, तिचं झालं २३०. तुरीचा भाव काय? तुम्ही लगेच म्हणाल, माझ्याकडे एक किलो तूर जास्त आणि पैसे १५० जास्त, म्हणजे तूर दीडशे. मग हरभरा ऐंशी. झालं! दहावीच्या पुस्तकातला ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हा धडा तुम्ही ओट्यापाशी उभ्या उभ्या सोडवला. पोरगी कागदावर जे मांडते ते हेच आहे, फक्त क्ष आणि य लिहून.

मग आपल्याला हे येत नाही असं आपण इतकी वर्षं का मानलं? याला इतिहास आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेत पाढे घोकले जात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी. दुकान, सावकारी, कुलकर्ण्याचं दप्तर यांसाठी हे लागे. त्या ओसरीवर मुली बसत नसत. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इथल्या पंडितांच्या मदतीने नव्या पद्धतीची गणिताची पुस्तकं मराठीत आणली. तीही मुलांच्या शाळांसाठी. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा कुठे पाटी मुलींच्या हातात आली.

पण दार उघडलं तरी उंबरठा उंचच राहिला. १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर आयोगाने मुलींच्या शाळा वाढवा असं सांगितलं, आणि त्याच वेळी असंही सुचवलं की मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यास मुलांपेक्षा सोपा ठेवावा, घरगुती जीवनाच्या गरजा पाहून ठरवावा. ‘घरगुती गरजा’ हे शब्द ऐकायला बरे वाटतात. त्यात शिवण आलं, स्वयंपाक आला. वावर मोजणं मात्र आलं नाही. जणू वावर बाईचं नसतंच. याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं होतं. गावातल्या शाळेत वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान असावं असं त्यांनी मांडलं होतं.

पुढे कितीतरी दशकं मुलींना ‘सोपा’ विषय सुचवला जाई. माझ्या थोरल्या बहिणीला शाळेतून सांगितलं गेलं, “बीजगणित-भूमिती घेऊन काय करणार? सोपं काही घे, पास तरी होशील.” शाळेचं नाव सांगत नाही, कारण तेव्हा ते सगळीकडेच सांगत. ती पास झाली. आज सत्तरीत ती म्हणते, “मला येत नव्हतं असं नाही गं, मला कुणी विचारलंच नाही.”

बदल हळूहळू आला. १९६४ ते ६६ मध्ये काम केलेल्या कोठारी आयोगाने स्पष्ट सांगितलं की पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात गणित आणि विज्ञान सगळ्यांना सारखंच हवं, मुलगा असो की मुलगी. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा १९७५ मध्ये झाली. आज आर्णीतली मुलगी तीच भूमिती शिकते जी मुंबईतला मुलगा शिकतो.

वाट काढणाऱ्या बायाही झाल्या. रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे केंब्रिजला जाऊन गणित शिकल्या. आपल्या काळातल्या मंगला नारळीकर तर अनेकींना माहीत असतील. संसार आणि मुलींचं संगोपन सांभाळून त्यांनी १९८१ मध्ये गणितात पीएच.डी. मिळवली. मुलांसाठी ‘गणिताच्या सोप्या वाटा’ लिहिलं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांचं कामही केलं. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या तीन मुलींपैकी एकीचं नाव लीलावती आहे, आणि तीही शास्त्रज्ञ आहे.

आता काकूंच्या वावरात परत येऊ. काड्या घ्या.

चारही काड्यांची टोकं दोऱ्याने बांधा, जरा सैलसर, आणि चौकोन करा. आता एका कोपऱ्याला बोटाने ढकला. बघा, चौकोन कलला. आणखी ढकला. आणखी चपटा झाला. काड्यांची लांबी बदलली का? नाही. धुरे तेच. आतली जागा? कमी कमी होत गेली. पार दाबलात तर आत जागाच उरणार नाही, आणि धुरे तरीही तेवढेच!

आता एक काडी काढून तीन काड्यांचा त्रिकोण बांधा. ढकला. हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. म्हणून तर घराच्या छपराची कैची त्रिकोणी असते.

भास्कराचार्यांनी लीलावतीत नेमकं हेच सांगितलं आहे. चौकोनाच्या चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारतात त्यांच्यावर ते चक्क चिडले आहेत. कर्ण किंवा लंब यांपैकी काही न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच, असा त्यांचा अर्थ आहे. इतका शांत माणूस इथे का चिडला असेल? कारण चार बाजूंवरून ढोबळ हिशेब करण्याची चाल तेव्हाही होती. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्या गुणायच्या. आजही बांधावर असाच हिशेब करतात. चौकोन काटकोनी असेल तर उत्तर बरोबर येतं. नसेल तर खऱ्यापेक्षा नेहमी जास्त येतं, कमी कधीच नाही.

त्यांनी उदाहरणही दिलं आहे. चारही बाजू पंचवीस. सरळ चौरस असेल तर क्षेत्रफळ ६२५. तोच कलला आणि कर्ण ३० व ४० झाले, तर ६००. आणखी कलला, कर्ण १४ आणि ४८ झाले, तर फक्त ३३६. बाजू तिन्ही वेळा त्याच.

आता या आकड्यांना दहाने गुणा म्हणजे काकूंचं वावर येतं. चारही धुरे अडीचशे फूट. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. वावर चौरस असेल तर ६२,५०० चौरस फूट, सुमारे ५७ गुंठे. कर्ण १४० आणि ४८० फूट असतील तर ३३,६०० चौरस फूट, सुमारे ३१ गुंठे. धुरे सारखे, आणि फरक सव्वीस गुंठ्यांचा! काकूंचं मन खोटं बोलत नव्हतं. बियाण्याची पाकिटंही खोटं बोलत नव्हती.

तेहतीस फुटाचा हा आकडा कुठून आला तेही सांगते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं. १८६० च्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली. त्या पद्धतीत साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळजवळ एका गुंठ्याएवढाच. शंभर आरचा हेक्टर.

मग मोजायचं कसं? लिहून घ्या.

पहिलं. वावराच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. हा कर्ण. त्याची लांबी मोजा. वावराचे आता दोन त्रिकोण झाले. पीक उभं असेल तर कापणी होईपर्यंत थांबा.

दुसरं. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या दोरीवर काटकोनात पडणारं अंतर मोजा. हे दोन लंब. काटकोन हवाच, तिरकं मोजलं तर उत्तर जास्त येईल. काटकोन कसा काढायचा? गवंडी काढतो तसा. एका दोरीवर सारख्या अंतराने खुणा करून बारा भाग पाडा. टोकं जोडा. तीन भाग, चार भाग, पाच भाग असा त्रिकोण ताणा. तीन आणि चारच्या मधला कोन काटकोन. हा गुण्या कर्णाच्या दोरीवर सरकवत न्या आणि त्याची उभी बाजू कोपऱ्याच्या रेषेत आली की तिथून मोजा.

तिसरं. दोन्ही लंबांची बेरीज करा, निम्मी करा, कर्णाने गुणा. झालं क्षेत्रफळ. चौरस फुटांत आलं तर १०८९ ने भागा, गुंठे मिळतील.

एक उदाहरण. कर्ण ३३० फूट. एक लंब १२० फूट, दुसरा १४४ फूट. बेरीज २६४, निम्मे १३२. १३२ गुणिले ३३० म्हणजे ४३,५६०. भागिले १०८९, बरोबर चाळीस गुंठे. एक एकर!

आपली ही मोजणी कायद्याची नाही, हे लक्षात ठेवा. कायद्याची मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून होते. पण आपण आधी मोजलं असलं की काय विचारायचं ते आपल्याला कळतं. समोरचा माणूस आकडा सांगतो तेव्हा आपल्याकडेही एक आकडा असतो.

आणि आज हे का महत्त्वाचं? कारण आता वावर बाईच्या नावावरही असतं. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने, काही अटींसह, आणि २००५ मध्ये साऱ्या देशासाठी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क मिळाला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तर घरधनी गेल्यावर एकटीने शेती ओढणाऱ्या कितीतरी जणी आहेत. कागदावर नाव आलं, ही मोठी गोष्ट. पण नाव कशावर आलं, सत्तावन गुंठ्यांवर की एकतीसवर, ते बघायला कर्ण लागतो.

हे सगळं शिकवायला मठ बांधणारी माणसंही आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला, त्याची ती नोंद, इ.स. १२०७ ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे आणि शेवट जुन्या मराठीत. त्या मराठी भागात बाजारातल्या मालातून आणि तेलाच्या घाण्यातून मठाला काय द्यायचं ते सांगितलं आहे. म्हणजे गणिताचा दिवा बाजाराच्या तेलावर तेवत होता! गणित बाजाराचं, वावराचं, घराचं काम करतं म्हणूनच तर बाजाराने त्याला तेल दिलं असेल, असं मला वाटतं.

काकूंचं पुढे काय झालं ते विचाराल. आम्ही तिघी वावरात गेलो. काकू, त्यांची नववीतली नात आणि मी. नातीने शाळेच्या दप्तरातून वही काढली. दोरी धरायला काकू, आकडे लिहायला ती. आकडे मी इथे सांगणार नाही, तो त्यांच्या घरचा मामला. एवढंच सांगते की अदलाबदल सध्या थांबली आहे आणि मोजणीचा अर्ज गेला आहे. दीर रागावले नाहीत. म्हणाले, “वहिनी, मलाही हे ठाऊक नव्हतं. आपण दोघांचंही मोजून घेऊ.” मला ते खरं वाटतं. फसवायचं मनात नसतानाही चुकीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो.

येताना नात आजीला म्हणाली, “आजी, परीक्षेत हेच विचारतात, फक्त तिथे वावर नसते.” काकू म्हणाल्या, “मंग तुह्या मास्तरले सांग, इथं येऊन विचारा म्हणा.”

आता तुमच्यासाठी गृहपाठ. एका वावराचा कर्ण १९८ फूट आहे. एक लंब ९९ फूट, दुसरा १२१ फूट. वावर किती गुंठे? पोरीला विचारू नका, आधी स्वतः करून बघा, मग तिच्याकडून तपासून घ्या. उत्तर पूर्ण आकड्यात येतं, अपूर्णांक आला तर पुन्हा बघा. पुढच्या वेळी विहिरीचं पाणी मोजू: व्यास, खोली आणि किती लिटर. तोवर खराट्याच्या काड्या जपून ठेवा. नमस्कार.